कागदावर गेलेले डोंगर

येडशीच्या रामलिंगाला जाऊन आला नाही, असा माणूस आमच्या भागात विरळाच. बालाघाटाच्या डोंगररांगेत एक खोल घळ आहे, घळीत शंकराचे देऊळ आहे, पावसाळ्यात तेथे धबधबा कोसळतो आणि बाराही महिने माकडांचा राबता असतो. रावणाशी झुंजून घायाळ झालेला जटायू येथेच पडला, अशी लोकांची श्रद्धा आहे. भोवतालचे जंगल शासनाने १९९७ साली अभयारण्य म्हणून घोषित केले. त्याचा विस्तार सुमारे बावीस चौरस किलोमीटर. एरवी ज्वारी, सोयाबीन आणि उसाच्या शेतांनी व्यापलेल्या या जिल्ह्यात ही हिरवळ म्हणजे तळहातावरच्या तिळाएवढी.

२०२४ च्या डिसेंबरात या तिळाएवढ्या जंगलात वाघ दिसला. वनखात्याच्या कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र टिपले आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून असे उघडकीस आले, की हा प्राणी यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून चारशेहून अधिक किलोमीटर चालत आला आहे. वाटेत शेते, रस्ते, गावे, नद्या. त्या आठवड्यात रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर दुसरा विषय नव्हता. धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलाने मला विचारले, "फादर, हितं वाघ कशाला आला असंल? त्याच्या गावाला जंगल न्हाई का?"

मी त्याला काहीतरी उत्तर दिले. प्रश्न मात्र माझ्यापाशीच राहिला. कारण त्याचे खरे उत्तर द्यायचे, तर जंगलांचा इतिहास सांगावा लागतो आणि आपल्या देशातील जंगलांचा इतिहास बऱ्याच अंशी खाणींचाही इतिहास आहे.

विदर्भापासून प्रारंभ करावा. ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. त्याची स्थापना १९५५ सालची. वर वाघ आणि खाली कोळसा, अशी चंद्रपूर जिल्ह्याची रचना आहे. उद्यानाच्या दक्षिणेस, शहराला जवळजवळ लागून, लोहारा नावाचे वनक्षेत्र आहे. तेथील कोळसा काढून एका वीजप्रकल्पाला पुरवण्याचा बेत पुढे आला, तेव्हा चंद्रपूरकरांनी त्याला विरोध केला. २००९ साली 'इको-प्रो' संस्थेचे बंडू धोतरे यांनी बेमुदत उपोषण आरंभले, शहर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि अखेर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने लोहाऱ्याची खाण नाकारली. ज्या जंगलात खाण येणार होती ते ताडोबाच्या हद्दीत नव्हतेच. वाघ ज्या वाटेने एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात, ती वाट तेथून जात होती. वाट म्हणून जंगलाचे मोल ओळखले गेले, असा तो महत्त्वाचा प्रसंग. टिपेश्वरच्या वाघाने आपल्याकडे येताना अशाच कोणत्या तरी उरल्यासुरल्या वाटा शोधल्या असतील.

परंतु संरक्षित वनातील खाणींचा प्रश्न मुळापासून समजून घ्यायचा असेल, तर गोव्याकडे वळले पाहिजे. याला एक कारण व्यक्तिगत आहे. सेमिनरीत असताना, १९९०च्या दशकात, एका सहाध्यायाबरोबर मी सुटीत त्याच्या गावी, सांगे तालुक्यात गेलो होतो. मराठवाड्यातील मुलगा मी. इतके हिरवे डोंगर एकत्र कधी पाहिलेच नव्हते. त्या हिरवाईतून खनिजाने भरलेले ट्रक एकामागून एक चालले होते. रस्त्याकडेच्या काजूच्या पानांवर, घरांच्या कौलांवर, विहिरीच्या काठावर तांबडी धूळ साचलेली. सहाध्यायाच्या आईने गावच्या कपेलातील वेदीचे वस्त्र धुवायला घरी आणले होते. तीन पाण्यांतून काढूनही ते पांढरे होईना. "आमच्याकडं पांढरं काही उरत नाही, फादर," असे ती म्हणाली. मी अजून फादर झालेलो नव्हतो, हे सांगायचे राहूनच गेले.

त्या तांबड्या धुळीचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला. १९०६ साली लिस्बनहून वसाहतींसाठी खाणींविषयीचा हुकूमनामा निघाला. ज्याला खनिज आढळेल त्याने त्याची नोंद करावी, शुल्क भरावे आणि परवाना घ्यावा, अशी पद्धत होती. एकेक परवाना साधारणपणे शंभर हेक्टरांपर्यंतचा असे. त्यातील खरी मेख मुदतीत होती, म्हणजे मुदत नव्हतीच. शुल्क भरत राहिले, की परवाना निरंतर. वडिलांकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे हा कागद जाई. डोंगरावर कोण राहते, कोण नाचणी पिकवते, कोणाची गुरे चरतात, कोणाची देवराई आहे, याची त्या कागदाला वार्ता नव्हती. बरीच वर्षे हे परवाने नुसतेच पेटीत पडून होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला पोलादासाठी लोहखनिज हवे झाले आणि पेट्या उघडल्या. १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत गोव्यातून वर्षाला दहा लाख टनांहून अधिक खनिज बोटींवर चढू लागले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. परवाने मात्र पूर्वीसारखेच चालू राहिले. भारतीय संसदेने ते रद्द करून त्यांचे रूपांतर खाणपट्ट्यांत करण्याचा कायदा केला तो १९८७ साली, म्हणजे मुक्तीनंतर सव्वीसाव्या वर्षी! खाणमालक त्या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेले, तो भाग निराळा. मधल्या काळात वनसंरक्षणासाठी काय काय झाले? मोले, बोंडला आणि खोतीगाव ही अभयारण्ये १९६०च्या दशकात जाहीर झाली. देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९८० साली वनसंवर्धन कायदा आला. म्हणजे एकाच डोंगरावर दोन कागद बसले होते. जुना म्हणत होता, खणा. नवा म्हणत होता, राखा. जुन्याचे धनी कोण ते सर्वांना ठाऊक होते. नव्याला धनी नव्हता.

जुन्या करारातील नाबोथाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता आणि वाडवडिलांचे वतन देण्यास नाबोथ राजी नव्हता. या कथेतील एक तपशील माझ्या मनात नेहमी घोळतो. ईजबेल राणीने सैन्य पाठवले नाही. तिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मुद्रा उमटवली आणि ती गावच्या वडीलधाऱ्यांकडे धाडली. पुढचे सारे गावकऱ्यांच्याच हातून, रीतसर पार पडले.

आता खाणीने डोंगराचे नेमके काय होते, ते पाहू. मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही. पण दुष्काळी जिल्ह्यात राहणाऱ्याला पाण्याची भाषा थोडीफार कळते. आपला बालाघाट काळ्या पाषाणाचा. पावसाचे पाणी वरच्या मुरमात जेवढे मुरेल तेवढे मुरते, बाकीचे वाहून जाते. म्हणून फेब्रुवारी संपता संपता आपल्या विहिरी तळ दाखवू लागतात. गोव्याच्या खनिजपट्ट्यातील डोंगर वेगळे आहेत. त्यांच्या माथ्यावर सच्छिद्र जांभा असतो. तो पाऊस पिऊन घेतो. खालच्या भुसभुशीत लोहखनिजाच्या थरात ते पाणी साठते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने वर्षभर झिरपत राहते. ज्या थरात लोखंड तोच पाण्याचा रांजण! रांजण फोडल्याशिवाय लोखंड मिळत नाही. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली, की खड्ड्यात पाणी भरते, ते पंपांनी उपसून ओढ्यात सोडतात आणि आसपासच्या विहिरी आटतात. शिवाय एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागतात. त्यांचे ढिगारे उतारावर उभे राहतात आणि गोव्यातील पावसात ते शेतांत उतरतात. भाताच्या खाचरात एकदा हा तांबडा गाळ बसला, की ती जमीन शेतकऱ्याच्या हातून गेली.

सांगे तालुक्यात साळावली नदीवर धरण आहे. दक्षिण गोव्यातील बहुतेक घरांत याच धरणाचे पाणी येते. या धरणासाठी १९८०च्या दशकात कुर्डी हे गाव बुडाले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हे जन्मगाव, हे संगीतप्रेमी वाचकांना ठाऊक असेल. दर वर्षी मे महिन्यात जलाशयाचे पाणी ओसरते, घरांची जोती उघडी पडतात आणि विस्थापित झालेले गावकरी तेथे परत येतात. हिंदू सोमेश्वराच्या मंदिरापाशी जमतात, ख्रिस्ती आपल्या कपेलाच्या सणाला जमतात. दुसऱ्यांना पाणी मिळावे म्हणून ज्यांनी आपले गाव पाण्याखाली जाऊ दिले, ती ही माणसे. आणि त्याच साळावलीच्या पाणलोटात, नेत्रावळी, कोळंब, रिवण या परिसरातील डोंगरांवर खाणपट्टे दिलेले होते. एकाने घर देऊन पाणी साठवायचे आणि दुसऱ्याने त्यात गाळ सोडायचा, या हिशेबाला काय म्हणावे?

नेत्रावळीचे जंगल म्हणजे सह्याद्रीचा अस्सल नमुना. (गावात गोपीनाथाच्या मंदिरासमोर एक तळे आहे. त्यातून सतत बुडबुडे येतात. मुलांना दाखवण्याजोगी जागा आहे.) या जंगलाला आणि उत्तरेकडील म्हादईच्या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळावा, म्हणून राजेंद्र केरकर, क्लॉड अल्वारिस आणि त्यांची 'गोवा फाउंडेशन' संस्था अशा मंडळींनी बराच काळ आग्रह धरला होता. लोकनियुक्त सरकारांना ते अवघड वाटे. विधानसभेत खाणींचे हितसंबंध जपणारे लोक सर्व पक्षांत होते. १९९९ च्या फेब्रुवारीत गोव्यात राष्ट्रपती राजवट आली. राज्यपाल होते लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब. १९७१ च्या युद्धात ढाक्याच्या शरणागतीची बोलणी करणारे हेच ते सेनानी. कोलकात्याच्या यहुदी कुटुंबात जन्मलेले. निवडणुका होऊन नवे सरकार येण्याच्या बेतात असताना, जूनमध्ये, त्यांनी दोन्ही अभयारण्यांच्या अधिसूचना काढल्या. म्हादई सुमारे २०८ चौरस किलोमीटर, नेत्रावळी सुमारे २११. मोले आणि खोतीगाव यांच्या जोडीने सह्याद्रीचा गोव्यातील पट्टा उत्तर-दक्षिण सलग संरक्षित झाला. लोकशाहीचा पुरस्कर्ता म्हणून मला येथे थोडे अडखळायला होते. लोकांनी निवडलेल्या सरकारांनी जे केले नाही, ते न निवडलेल्या एका सैनिकाने चार महिन्यांत केले. या गोष्टीचा आनंद मानावा की खेद करावा, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

अधिसूचनेने खाणी आपोआप थांबल्या नाहीत. अभयारण्याच्या रेषेच्या आत जुने पट्टे होतेच. त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. सर्वोच्च न्यायालयात टी. एन. गोदावर्मन यांच्या याचिकेवर वर्षानुवर्षे चाललेल्या सुनावणीत वनांविषयी अनेक आदेश झाले. त्यांतील ऑगस्ट २००६ च्या आदेशाने राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांच्याभोवती एक किलोमीटरचे सुरक्षित अंतर राखण्याचे तत्त्व पुढे आणले.

तोवर चीनची भूक जागी झाली होती. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या आगेमागे खनिजाचा भाव असा चढला, की पूर्वी कचरा म्हणून फेकलेले कमी प्रतीचे खनिजही विकले जाऊ लागले. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. ट्रकांच्या रांगा सावर्डे-कुडचडे भागातील रस्त्यांवर दिवसरात्र चालत. याच सुमारास केपे आणि सांगे तालुक्यांतील गावे उभी राहिली. कोळंब आणि कावरे येथील वेळीप, गावडा, कुणबी समाजांचे लोक रस्त्यावर ट्रक अडवू लागले. या समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला तो २००३ साली. ते डोंगरावर किती पिढ्या राहत होते याची गणती नाही. त्यांनी वाघाचे नाव घेतले नाही. 'आमची न्हंय, आमची शेतां' म्हणजे आमची नदी, आमची शेते, हीच त्यांची भाषा होती. पुढे कावऱ्याच्या लोकांनी सहकारी संस्था काढून, खाण चालवायचीच असेल तर आमच्या हाती द्या, अशी मागणी केली. पर्यावरणवाद्यांना ती फारशी रुचली नसावी. मला ती समजते. आपल्या पायाखालच्या मातीविषयी निर्णय घेताना आपल्याला विचारावे, एवढेच त्यात होते.

ख्रिस्तसभा या वेळी कोठे होती? गोवा महाधर्मप्रांताची सामाजिक न्याय व शांती परिषद गावकऱ्यांच्या बाजूने बोलली. काही धर्मगुरू त्यांच्याबरोबर उभे राहिले. पण सत्य पूर्ण सांगायचे, तर चर्चच्या बाकांवर दोन्ही पक्ष शेजारी शेजारी बसत. ज्याचे शेत गाळाने बुजले तोही शांतीचा हात पुढे करी आणि ज्याने कर्ज काढून ट्रक घेतला तोही. माझ्या त्या सहाध्यायाने मला पत्रात लिहिले होते, की प्रवचनात डोंगराचा उल्लेख आला की अर्धे लोक वर पाहतात आणि अर्धे खाली.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये बेकायदा खाणींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती एम. बी. शाह यांचा आयोग नेमला. त्याचा गोव्यावरील अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला. त्याने राज्याचे नुकसान ३४,९३५ कोटी रुपयांपर्यंत असल्याचा अंदाज वर्तवला. हा आकडा पुढे वादग्रस्त ठरला. पण अहवालाचा परिणाम तत्काळ झाला. राज्य सरकारने खाणी स्थगित केल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीवर शिक्कामोर्तब केले. २१ एप्रिल २०१४ चा निकाल तर जुन्या कागदांचा पंचनामाच होता. १९८७ च्या कायद्याने मिळालेली मुदत, तिच्यावरचे वीस वर्षांचे एकमेव नूतनीकरण, असा हिशेब करून न्यायालयाने ठरवले, की सर्व पट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपले होते. म्हणजे त्यानंतरची पाच वर्षे, ज्यांत सर्वाधिक डोंगर बोटीवर चढला, ती सारीच बेकायदा! न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, विक्रीच्या रकमेतील दहा टक्के भावी पिढ्यांसाठी कायमच्या निधीत ठेवण्यास सांगितले आणि अभयारण्यांच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत खाण चालणार नाही, असे बजावले.

यानंतरही कागदाने आपला गुण सोडला नाही. खाणी लिलावानेच द्याव्यात, असा केंद्राचा अध्यादेश १२ जानेवारी २०१५ रोजी निघाला. त्या तारखेपर्यंत राज्य सरकारने लिलावावाचून ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण उरकून घेतले होते. गोवा फाउंडेशन पुन्हा न्यायालयात गेले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सर्व नूतनीकरणे रद्द केली आणि मार्चच्या मध्यावर खाणी पुन्हा थांबल्या. डिसेंबर २०२२ पासून लिलावाची पद्धत सुरू झाली. एकशे सोळा वर्षांपूर्वी लिस्बनमध्ये लिहिलेल्या त्या हुकूमनाम्याची सावली तेव्हा कोठे सरली.

खाणबंदीचा एक घाव आमच्या धर्मग्रामापर्यंत पोहोचला. येथील एक तरुण, आम्ही सारे त्याला लहानपणापासून ओळखतो, कोरडवाहू शेती परवडेना म्हणून गोव्यात खनिजाच्या ट्रकवर चालक झाला होता. पैसे येत होते. बहिणीचे लग्न त्या पैशांत झाले. मग त्याने कर्ज काढून स्वतःचा जुना ट्रक घेतला आणि सहाच महिन्यांत, २०१२ च्या सप्टेंबरात, खाणी बंद झाल्या. ट्रक गेला, कर्ज राहिले. तो घरी परतला तेव्हा त्याची आई माझ्याकडे येऊन रडली. न्यायालयाने योग्य केले, असे मी मनात म्हणत होतो. त्या माऊलीला ते सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. डोंगर वाचवणाऱ्यांच्या लेखनात या माणसांना फार थोडी जागा मिळते, ही माझी तक्रार आहे. मार्च २०१८ मध्ये पणजीत रस्ता अडवून बसलेले खाणअवलंबित हे काही खाणमालक नव्हते. ज्यांनी पाच वर्षांत बेहिशेबी कमावले, त्यांना रस्त्यावर बसावे लागले नाही.

आपल्या राज्याच्या हद्दीत हीच कथा सिंधुदुर्गात घडली. गोव्याला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यात कळणे येथे लोहखनिजाची खाण आली, ती गावकऱ्यांच्या तीव्र विरोधाला न जुमानता. २०२१ च्या जुलैत, ऐन पावसात, खाणीच्या खड्ड्याचा कठडा फुटला आणि तांबड्या पाण्याचा लोंढा वस्तीत व बागायतींत शिरला. सावंतवाडी-दोडामार्ग हा पट्टा राधानगरीकडून गोवा-कर्नाटकाच्या जंगलांकडे जाणारी वन्यप्राण्यांची वाट आहे. तेथील पंचवीस गावे पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित करण्याविषयी मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये आदेश दिला. या सबंध प्रश्नाची साधार मांडणी माधव गाडगीळ समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजीच केली होती. पश्चिम घाटाच्या सर्वांत संवेदनशील भागांत नव्या खाणी नकोत, चालू असलेल्या २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात आणि निर्णय ग्रामसभांपुढे ठेवावेत, असे तिचे म्हणणे. सरकारने तो अहवाल महिनोन्‌महिने प्रसिद्धच केला नाही. माहितीच्या अधिकाराखाली भांडून तो मिळवावा लागला. ज्या कागदाने डोंगर जातो तो गावाला न सांगता निघतो आणि ज्या कागदाने डोंगर वाचेल तोही गावाला दाखवला जात नाही!

ही लढाई केवळ आपली नाही. फिलिपाईन्सच्या महागुरूंनी १९८८ च्या जानेवारीत आपल्या उद्ध्वस्त होत चाललेल्या जंगलांविषयी मेषपालीय पत्र लिहिले, तेव्हा पर्यावरण हा धर्मसभेचा विषय आहे, असे फारसे कोणी मानत नव्हते. पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, २०१५ साली आले. १९९८ साली त्याच महागुरूंनी १९९५ चा खाणकायदा मागे घेण्याची उघड मागणी केली. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या चिमुकल्या देशाने मार्च २०१७ मध्ये धातूंच्या खाणींवर संपूर्ण बंदी घातली. असा कायदा करणारा तो जगातील पहिला देश. तेथील ख्रिस्तसभा त्या मागणीच्या अग्रभागी होती आणि मुख्य युक्तिवाद पुन्हा पाण्याचाच होता. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील संसदेने तो कायदा रद्द केला. आमच्या रामलिंगात वाघ दिसला तोच हा महिना.

वाघावरून आठवले. म्हादईच्या अभयारण्यात वाघ राहत नाहीत, ते कर्नाटकातून येतात-जातात, असे गोव्यात अधिकारपदावरील लोक अनेक वर्षे सांगत. वाघ पाहुणा ठरला, की व्याघ्र प्रकल्प नको आणि व्याघ्र प्रकल्प नसला, की डोंगराचा विचार पुन्हा करता येतो. जानेवारी २०२० मध्ये म्हादईच्या परिसरात, सत्तरी तालुक्यातील गोळावली येथे, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले आढळले. बछडे पाहुणे कसे असतील? गुरे मारली गेलेल्या एका गरीब धनगर कुटुंबावर त्याचा ठपका आला. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले.

आमचा वाघ निर्विवादपणे पाहुणा आहे. त्याला बेशुद्ध करून पकडण्यासाठी २०२५ मध्ये वनखात्याची पथके आली, दिवसचे दिवस फिरली आणि तो काही हाती लागला नाही.

गोव्याहून परतलेला तो तरुण आता उन्हाळ्यात पाण्याचा टँकर चालवतो. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर घेऊन, त्या वर्षी त्याच्या टँकरला क्षणाची उसंत नव्हती आणि त्याच वर्षी त्याचे कर्ज फिटले. परवा तो मिस्सानंतर भेटला, तेव्हा मी हा लेख लिहीत असल्याचे त्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, ते डोंगर मीच वाहून न्हेले की. माझ्या ट्रकात."

मी म्हटले, "तू एकट्याने नाही रे."

"न्हाई, पर न्हेले," तो म्हणाला. मग त्याने मला विचारले, की आपल्या रामलिंगाच्या डोंगराखाली काय असते. मी म्हटले, काळा दगड, दुसरे काही नाही. त्यावर तो हसला आणि येडशीच्या रस्त्याला खडी वाहणारे किती टिपर रोज भेटतात, ते बोटांवर मोजून सांगू लागला.